दोन बोटं

डॉनरविलच्या शाळेत मठ्ठ असणं हा कधीच गुन्हा नव्हता. पण दर ऑगस्टात वीस मिनिटांपुरतं ठरवून मठ्ठ व्हायचं, ही तिथल्या फुटबॉलच्या पोरांची रीत होती, आणि ती कोच चेट म्रोझने पाडलेली होती. फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर तुटून पडायचा तो. दुसरा, पायाने खेळायचा फुटबॉल त्या गावात कोणी खेळत नसे, आणि खेळलाच तर आजोबांना सांगत नसे.

हंगाम सुरू व्हायच्या आधी सगळ्या पोरांना शाळेच्या ग्रंथालयात संगणकांसमोर बसवत. पडद्यावर बारा शब्द येत, ते लक्षात ठेवायचे. आकृत्या येत, त्या ओळखायच्या. रंग बदलला की कळ दाबायची. जे गुण पडतील ते यंत्रात जमा. पुढे सामन्यात कोणाचं डोकं आपटलं की त्याला पुन्हा त्याच परीक्षेला बसवायचं. गुण ऑगस्टाइतके आले तर पोरगा ठणठणीत, खाली घसरले तर घरी. डॉक्टरांनी काढलेली साधी, शहाणी युक्ती. तिला भोक पाडायला चेटला एक उन्हाळासुद्धा लागला नाही.

परीक्षा घेणारी शॉना टॉलिवर, म्हणजे पोरांच्या दुखापती बघणारी शाळेची बाई, हजेरीचा कागद आणायला बाहेर गेली की चेट रांगांमधून येरझाऱ्या घालत म्हणायचा, "घाई कोणाला आहे? खिडकीबाहेर बघा. नाक खाजवा. बारा शब्दांतले चार आठवले तरी पुष्कळ झाले. ऑगस्टात मठ्ठ, तो ऑक्टोबरात काय?"

"शहाणा, कोच!" पोरं दबक्या आवाजात ओरडायची.

चेट दुष्ट होता असं गावात कोणी म्हणालं नसतं. शेजारच्या म्हातारीच्या दारातला बर्फ तो न सांगता उपसून द्यायचा. मेलेल्या खेळाडूंच्या आयांना नाताळात हॅम पाठवायचा. फक्त डोकं म्हणजे त्याला खांद्यासारखंच वाटायचं: आपटलं, दुखलं, चार दिवसांनी राहिलं. त्याचं स्वतःचं अकरा वेळा तरी आपटलं होतं आणि त्याला सतरा वर्षांतल्या सगळ्या पोरांची नावं तोंडपाठ होती. स्वतःच्या शाबूत डोक्याचा पुरावा देऊन दुसऱ्यांची डोकी फोडायला निघालेली माणसं जगात पुष्कळ असतात, हा त्यातलाच एक.

आणि ही अक्कल त्याला वारशात मिळाली होती. १९७९ साली चेट आणि लेनी हुडक याच शाळेच्या संघात होते, आणि कोच होता म्हातारा पॅग्लिया. पॅग्लियाच्या उजव्या हाताला दोनच धड बोटं होती, बाकीची पोलादाच्या कारखान्यात पत्रे लाटणाऱ्या यंत्राने खाल्ली होती. डाव्या हातात त्याची फळी आणि कागद. मैदानात कोणी चक्कर येऊन पडला की पॅग्लिया उजवा हात त्याच्या नाकापुढे धरायचा आणि गरजायचा, "किती बोटं?" आता ज्या माणसाकडे दाखवायला दोनच बोटं आहेत त्याच्या परीक्षेत नापास कोण होणार? गावातल्या पाळण्यातल्या पोरालासुद्धा उत्तर माहीत होतं. पॅग्लियालाही माहीत होतं की सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच तो विचारायचा.

त्या वर्षी केर्न्सबर्गशी सामना होता. नदीपलीकडचं केर्न्सबर्ग म्हणजे डॉनरविलचं सात पिढ्यांचं वैर, निदान गावाचा हिशेब तसाच होता. दुसऱ्या डावात लेनी डोक्यावर पडला आणि उठून बसला तेव्हा त्याने चेटला विचारलं, "आपण कोणत्या गावात आहोत रे?"

"दोन म्हण," चेट त्याच्या कानात म्हणाला. "म्हातारा येतोय. फक्त दोन म्हण."

लेनी दोन म्हणाला. खेळला. डॉनरविल जिंकलं. लेनीच्या अंगात चेटच्या दुप्पट खेळ होता, त्यामुळे तो दुप्पट पुढे गेला: चार वर्षं कॉलेज, सहा वर्षं मोठ्या पगारी संघात, आणि त्या सगळ्या वर्षांत त्याने किती जणांना किती वेळा दोन म्हणून सांगितलं असेल ते देव जाणे. चेटला पगारी संघात दोनच हंगाम मिळाले. तेही चेंडू लाथेने उडवला की जीव खाऊन पळत जायचं आणि समोर येईल त्याच्यावर आदळायचं, एवढ्यापुरते. गुडघा गेला तसा तो गावी परतला, नऊ वर्षं पॅग्लियाच्या हाताखाली राबला आणि म्हातारा मेल्यावर त्याच्या खुर्चीत बसला. लेनी चाळिसाव्या वर्षी गावी परतला तो स्वतःचं घर शोधता न येणारा माणूस होऊन. आता तो एक्कावन्नाचा होता. ओसरीत खुर्ची टाकून, डॉनरविलची निळी टोपी घालून बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन बोटं दाखवायचा. लोकांना वाटायचं विजयाची खूण करतोय. तेही हात हलवायचे.

चेटकडे खेळ निम्मा होता म्हणून डोकं पुरं राहिलं. हे त्याच्या कधी लक्षात आलं नाही.

त्या ऑगस्टात लेनीचा मुलगा नेट शेवटच्या वर्षात होता. तो लाइनबॅकर होता, म्हणजे बचावाच्या रांगेमागे उभा राहून जो घुसेल त्याला जमिनीवर लोळवायचं काम त्याचं. आणि हुशार होता. समोरचा संघ कोणती चाल खेळणार हे तो चेंडू उचलायच्या आधी सांगायचा. असा खेळाडू चेटला सतरा वर्षांत मिळाला नव्हता आणि केर्न्सबर्गला हरवून अकरा वर्षं झाली होती. हुशार पोर सांगितलेलं कामही चोख करतं. बाकीच्यांनी बारातले चार शब्द आठवले. नेटने एक आठवला.

आठवड्याभरात नेटची आई बर्नी हातात कागद घेऊन चेटच्या खोलीत आली. ती शाळेच्या कँटीनमध्येच कामाला होती. अंगावरचा एप्रनसुद्धा काढला नव्हता.

"हे काय आहे, चेट?" तिने कागद टेबलावर आपटला. "शंभरातली सत्त्याण्णव पोरं माझ्या नेटच्या पुढे? डॉक्टरला दाखवा म्हणून लिहिलंय."

"अगं, परीक्षा आहे ती. कोणाला जमते, कोणाला नाही."

"लेनीचंही असंच सुरू झालं होतं. आधी शब्द गेले. बटाट्याला 'ते गोल' म्हणायचा, आणि मी हसायचे." तिचा आवाज चिरकला. "मी हसायचे रे, चेट. मला वाटायचं गंमत करतोय. पोराचं हेल्मेट मी उद्या आणून देते. बास झाला आमच्या घराचा फुटबॉल."

एक वाक्य पुरलं असतं. 'बर्नी, मीच त्यांना चुका करायला सांगितलं होतं.' ती त्याच्या कानाखाली वाजवून, मग रडून, मग हसून घरी गेली असती. चेटने तोंड उघडलंही होतं. पण उघडल्या तोंडाने त्याला आधी केर्न्सबर्ग दिसलं.

"बर्नी, ऐक. त्याला परीक्षेचं वावडं आहे, बापासारखंच. लेनी गणितात तीनदा नापास झाला होता, आठवतं ना? तेव्हा कुठे त्याच्या डोक्याला काही झालं होतं?"

"तू शपथ घे."

"कसली?"

"तुझ्या आईच्या थडग्याची. नेटच्या डोक्याला पहिला धक्का बसला, की त्याला बाकावर बसवशील."

"घेतली. पहिल्या धक्क्याला बाकावर. आणि यंत्राने हो म्हटल्याशिवाय त्याचा बूट मैदानाला लागणार नाही." हे दुसरं वाक्य तिने मागितलं नव्हतं. चेटने ते आपल्या पदरचं घातलं. "माणूस खोटं बोलेल, बर्नी. यंत्राला काय पडलंय?"

बर्नीने एप्रनला डोळे पुसले आणि जाताना त्याच्या खांद्यावर थोपटलं. तिला केवढा आधार वाटला होता, हे त्या थोपटण्यातच कळत होतं.

त्या दिवसापासून ती रोज जेवताना नेटला बारा शब्द द्यायची आणि ताटं उचलताना परत विचारायची. नेट बाराच्या बारा सांगायचा. तिचा विश्वास बसायचा नाही. कागदावर वेगळंच लिहिलं होतं ना. शेवटी पोरगा सरावाआधी चेटकडे आला.

"कोच, आईला सांगू का, मी मुद्दाम केलं म्हणून? ती रात्रभर झोपत नाही."

"सांग की. मग ती शाळेला सांगेल, शाळा सगळ्यांची परीक्षा परत घेईल, वर मला घरी बसवेल. चाळीस पोरांचा हंगाम तुझ्या आईच्या झोपेसाठी. सांगायचंय?"

नेट बुटाच्या टोकाने गवत उकरत राहिला. "नाही, कोच."

"हुशार आहेस. जा, पळायला लाग."

हंगाम चांगला चालला. आठ सामन्यांत सात विजय. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शुक्रवारी, केर्न्सबर्गच्या आधीच्या सामन्यात, नेट आणि समोरचा एक दांडगा पोरगा हेल्मेटला हेल्मेट लावून असे आदळले की गॅलरीतल्या बायकांनी हातातल्या पिरोगीच्या, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्यांच्या, बशा खाली ठेवल्या. नेट उठला, कपडे झटकले आणि शांतपणे चालत जाऊन समोरच्या संघाच्या घोळक्यात उभा राहिला. लोक हसले. चेट हसला नाही. त्याने पोराला आत घेतलं आणि बाकावर बसवलं, आणि गॅलरीतल्या बर्नीकडे मान वर करून बघितलं, बघ म्हणून. तिने छातीवर हात ठेवला. शपथेचा पहिला अर्धा भाग त्याने अगदी तंतोतंत पाळला होता.

सोमवारी शॉनाने नेटला ग्रंथालयात बसवलं. मग ती निकालाचा कागद घेऊन चेटच्या दारात उभी राहिली.

"कोच, बारातले सात शब्द. ऑगस्टात एक होता."

"म्हणजे पास."

"टोला बसल्यावर गुण वाढत नसतात, कोच. आणि त्याला उजेड सहन होत नाही. परीक्षेलाही टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता. मी तारीख विचारली तर आधी माझ्या घड्याळाकडे बघितलं त्याने."

"यंत्र काय म्हणतं?"

"यंत्र खेळू द्या म्हणतं. पण..."

"मग तू यंत्राहून शहाणी का?"

शॉनाने निकालाचा कागद परत एकदा वाचला. ती बाहेरची होती, दोनच वर्षांपूर्वी गावात आली होती, आणि बाहेरच्या माणसाने केर्न्सबर्गच्या आठवड्यात काय बोलू नये हे तिला कळायला लागलं होतं. तरी तिने विचारलं. "ऑगस्टातले गुण खरे होते ना, कोच?"

"परीक्षा तू घेतेस की मी?"

तिने सही केली. गप्प बसणाऱ्यांची सही नेहमी अशीच, कागदाच्या अगदी कोपऱ्यात असते.

गावाला ही बातमी कळायला दुपार उजाडावी लागली नाही. एडी वुकोविचचं सॉसेजचं दुकान हे डॉनरविलचं खरं न्यायालय. एडी तिथला खाटिकही आणि संघाच्या पाठीराख्यांचा अध्यक्षही. त्याने सुरा हवेत धरून जाहीर केलं, "ऐका रे! हुडकच्या पोराला एक टोला बसला तर गुण सातपट झाले! अजून दोन बसू द्या, गावाला डॉक्टर मिळेल!"

दुकान हसून लोळलं. "एडी, तूही घे की एक डोक्यात," कोणीतरी म्हणालं, "निदान वजन तरी बरोबर करशील." तेवढ्यात बर्नी सॉसेज घ्यायला आत आली आणि सगळे गप्प झाले. पण तिने दारातच ऐकलं होतं, आणि ती हसली. लेनी आजारी पडल्यापासून तिला असं मनापासून हसताना कोणी पाहिलं नव्हतं. कोपऱ्यात उभ्या चेटला तिने विचारलं, "खरंच हो म्हणालं यंत्र?"

"हो म्हणालं."

"ऑगस्टातच बिघडलं असेल मेलं. उगीच जीव खाल्ला माझा." तिने एडीला अर्धा किलो जास्त बांधायला सांगितलं. "तू शब्दाचा पक्का आहेस, चेट. खेळू दे त्याला."

चेटने आपल्या पाठीवरचं नेटचं ओझं आता यंत्राच्या, शॉनाच्या आणि बर्नीच्या डोक्यावर वाटून टाकलं होतं. त्याला हलकं वाटलं. इतकं हलकं की त्याने घरी जाऊन दोन वेळा जेवण वाढून घेतलं.

शुक्रवारी संध्याकाळी सामन्याआधी पोरं कपडे बदलत होती तेव्हा नेट शेवटच्या बाकावर, दिवा काढलेल्या कोपऱ्यात बसला होता. कचऱ्याच्या डब्याला आंबूस वास येत होता. चेट त्याच्यासमोर उकिडवा बसला. जुना गुडघा कडकन वाजला.

"डोकं दुखतंय?"

"नाही, कोच."

असा प्रश्न विचारणाऱ्या कोचला उत्तर माहीत असतं, आणि उत्तर देणाऱ्या पोरालाही कोचला काय ऐकायचंय ते माहीत असतं. त्या इमारतीत पन्नास वर्षं दुसरं उत्तर कोणी दिलं नव्हतं. चेटने उजवा हात वर केला. पाचही बोटं धड असलेला हात. त्याने त्यातली दोन उभी केली.

"किती?"

नेट त्या बोटांकडे बघत राहिला, आणि मग हसला. बापाची गोष्ट त्यालाही माहीत होती. "दोन, कोच."

"चल मग."

शेवटच्या डावात झालं. धक्का काही मोठा नव्हता, आणि हेच गावाने पुढे वर्षभर एकमेकांना सांगितलं. नेटने एकाला खांद्याने अडवलं, दोघे पडले, दोघे उठले. नेट दोन पावलं चालला आणि गवतात बसला, दमलेला माणूस पायरीवर बसतो तसा. मग आडवा झाला. शॉना धावत गेली तेव्हा त्याचा एक डोळा आकाशाकडे बघत होता आणि दुसरा भलतीकडेच.

हेलिकॉप्टर मैदानाच्या मध्यावर उतरलं. दोन्ही गावांची पोरं गुडघ्यावर बसली, पाद्र्याने प्रार्थना म्हटली. हेलिकॉप्टर उडालं, गवताचे तुकडे खाली बसले, आणि पंचांनी चेटकडे बघितलं. सामना थांबवायचा तर तो म्हणू शकत होता. सात मिनिटं उरली होती आणि डॉनरविल चार गुणांनी पुढे होतं.

"नेटसाठी खेळा," चेट पोरांना म्हणाला.

त्यांनी नेटसाठी खेळून सामना जिंकला. एडी वुकोविच अकरा वर्षांचं साठलेलं रडला, आणि मग आठवण झाल्यावर नेटसाठीही थोडा रडला.

पिट्सबर्गच्या रुग्णालयात पोराची कवटी उघडली होती. चेट पोहोचला तेव्हा बर्नी बाहेरच्या बाकावर होती. शेजारी निळी टोपी घातलेला लेनी. चेटने गाडीत सगळं वाक्य तयार करून आणलं होतं, शब्द न शब्द. बर्नी उठली आणि त्याच्या गळ्यात पडली.

"तू शब्द पाळलास," ती त्याच्या कोटात रडत म्हणाली. "बाकावर बसवलंस, परीक्षा घेतलीस. मीच म्हणाले खेळू दे. दुकानात सगळ्यांसमोर म्हणाले. माझ्याच तोंडाने गेला रे माझा पोरगा."

"असं नको म्हणू, बर्नी," चेट म्हणाला. तयार केलेल्या वाक्यातलं एवढंच बाहेर पडलं, आणि ते तर त्या वाक्यात नव्हतंच.

लेनीने त्याची बाही ओढली. "जिंकलो?"

"जिंकलो, लेनी."

"नेट खेळला?"

"खेळला."

"छान," लेनी म्हणाला आणि दोन बोटं दाखवली.

नेट जगला. डिसेंबरात शाळेने चेटचा करार पाच वर्षांनी वाढवला. फेब्रुवारीत नदीच्या खोऱ्यातल्या शाळांनी त्याला वर्षातला सर्वोत्तम कोच म्हणून लाकडी फलक दिला, आणि तो देताना भाषणात नेटचं नाव चारदा आलं. शॉना नोकरी सोडून गेली. तिने कोणाला कारण सांगितलं नाही आणि चेटने विचारलं नाही. मार्चमध्ये नेट घरी आला आणि ओसरीत लेनीच्या शेजारी दुसरी खुर्ची लागली.

चेट दर रविवारी जायचा. बर्नी चर्चला गेली की तास-दीड तास त्या दोघांजवळ बसायचा आणि उपचार केंद्राने दिलेला तक्ता भरायचा. आजचा वार सांग. चमचा उचल. बोटं मोज. बरोबर आलं की खूण, चुकलं की फुली. पहिल्या रविवारी चेटने चार बोटं दाखवली. नेटने ओठ हलवले, कपाळाला आठ्या घातल्या, घाम फुटला त्याला. आणि मग तो रडायला लागला, आवाज न करता. चेटला ते बघवेना. त्याने बोटं मिटून दोन उभी केली. "दोन," नेट लगेच म्हणाला. हा एक आकडा कवटीतून रक्त काढतानाही निघाला नव्हता. त्यानंतर चेटने रविवारी दुसरा आकडा दाखवला नाही. तक्त्यावर खुणांची रांग लागली. बाकीचे दिवस बर्नी भरायची, आणि तिच्याही रांगेत हळूहळू फुल्या कमी होत गेल्या.

जूनमध्ये एका शनिवारी शॉनाचा फोन आला. ती आता त्याच उपचार केंद्रात होती.

"कोच, सोमवारी विमावाले नेटचा तक्ता बघणार आहेत. घरचा तक्ता इतका चांगला आहे की ते म्हणतात, सुधारणा झाली, आता गाडी पाठवणं, उपचार, सगळं बंद. इथे त्या पोराला चमचा धरता येत नाही. अजून सहा महिने मिळाले तर चालायला तरी शिकेल." ती थांबली. "एकदा माझ्याकडून सही घेतलीत. या वेळी तरी खरं लिहा."

चेट रात्री नीट जेवला नाही. दुसऱ्या दिवशी गेला तर बर्नी चर्चला गेलीच नव्हती. शेवटचा तक्ता तिला डोळ्यांदेखत भरायचा होता. तिने नेटचे केस विंचरले होते, त्याला स्वच्छ शर्ट घातला होता, वरच्या खिशात पेन खोचलं होतं.

"उद्या निकाल," ती म्हणाली. तिच्या तोंडावर एडीच्या दुकानातलं तेच हसू होतं. "तक्ता चांगला असला तर उपचारच नको म्हणणार आहेत. म्हणजे बराच झाला की, नाही का?"

"बर्नी, तसं नसतं. तक्ता वाईट असला तर ते अजून..."

"तू बोटं दाखव, चेट."

चेट नेटसमोर उकिडवा बसला. गुडघा वाजला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने ठरवलं की परीक्षा खरी घ्यायची. त्याने तीन बोटं उभी केली आणि हात स्थिर धरला.

नेट बघत राहिला. त्याचे ओठ हलायला लागले, कपाळावर घाम आला. शेजारच्या खुर्चीतून लेनी वाकला, तोंडाला हाताचा आडोसा केला आणि मुलाच्या कानात म्हणाला, "दोन म्हण. म्हातारा येतोय. फक्त दोन म्हण."

"दोन," नेट म्हणाला.

चेटने हात खाली घेतला नाही. "तीन आहेत, बर्नी. चुकलं. फुली मार."

बर्नीने त्या हाताकडे बघितलं. मग ती खाली वाकली, आणि लहान मुलाची मूठ उघडावी इतक्या हळुवारपणे तिने चेटचं तिसरं बोट धरून मिटवलं.

"दर रविवारी दाखवतोस तशीच दाखव ना," ती म्हणाली. "आजच कशाला पोराला गोंधळात टाकतोस?"

तिने खिशातलं पेन काढून तक्त्यावर खूण केली. लेनीने टाळी वाजवली. चेट दोन बोटं तशीच वर धरून बसून राहिला.